समासातलं टिंब

‘कब्बाला’ हा शब्द माझ्यापुढं पहिल्यांदा आला तो चार अवतारांत. कब्बाला, कबाला, काबाला आणि एका ठिकाणी चक्क कंबाला. कंबाला म्हटलं की मला मुंबईतली टेकडी आठवते, त्यामुळं ती चूक पेन टेकवण्याआधीच डोळ्यांत भरली. उरलेल्या तिघांतलं खरं कोणतं, हे मात्र ठाऊक नव्हतं. मी मुद्रितशोधक आहे. मजकुरातलं ज्ञान लेखकाचं, त्यातल्या वेलांट्या तेवढ्या माझ्या.

हस्तलिखित एका निवृत्त प्राध्यापकांचं होतं. जगभरच्या गूढवादी परंपरांवर साडेसातशे पानं; सूफी, झेन, ख्रिस्ती संत आणि मधे कुठंतरी ज्यूंची ही कब्बाला. मी फोन लावला. “सर, चारांतलं कोणतं ठेवू?”

“कब्बाला करा. हिब्रूत त्याचा अर्थ घेणं, स्वीकारणं. गुरूकडून शिष्यानं घेतलेलं. आणि हे बघा, पुढं ‘तिक्कून’ असा शब्द येईल, त्याला हात लावू नका. तिक्कून म्हणजे दुरुस्ती. तुमचंच काम आहे ते.”

सर थट्टेत बोलले असं मला तेव्हा वाटलं. प्रकरण वाचताना कळलं की ते शब्दशः खरं होतं. धर्मग्रंथाच्या पाठात जुन्या लेखनिकांनी केलेल्या दुरुस्त्यांनाही तिक्कूनच म्हणतात आणि फुटलेल्या विश्वाच्या दुरुस्तीलाही तिक्कूनच. त्या दिवशी दोन फॉर्म वाचून व्हायचे होते, वाचून झाली अकरा पानं. पुढं ते पुस्तक निघालं, संपलं, सरही गेले. ती अकरा पानं मात्र माझ्या मागंच लागली आहेत. त्याला आता पंधराएक वर्षं होतील.

इस्राएलमधल्या गॅलिलीच्या डोंगरात त्सफात नावाचं गाव आहे. इंग्रजी नकाशावरच्या स्पेलिंगमुळं मराठीत ते ‘सफेद’ होतं. हस्तलिखितातही तसंच होतं आणि ‘सफेद गावातील विद्वान’ या शब्दांकडं मी बराच वेळ बघत बसले होते. सोळाव्या शतकात हे गाव तुर्की सुलतानाच्या अमलाखाली होतं. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीनं ज्यूंना देशाबाहेर घालवलं, पाच वर्षांनी पोर्तुगालमध्ये सक्तीची धर्मांतरं झाली, आणि उधळलेल्या त्या माणसांतली बरीच जण फिरत फिरत इथं पोचली. (त्याच लोंढ्याचा एक ओघळ आपल्या गोव्यापर्यंत आला होता. वैद्य गार्सिया द ओर्ता तिथंच वारला आणि १५८० साली इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, त्याची हाडं उकरून जाळली.) त्सफातमध्ये लोकर विणली जायची, कापड रंगायचं, आणि त्याच गल्ल्यांमध्ये ज्यू धर्मशास्त्राचा मोठा संहिताकार योसेफ कारो आणि कब्बालेचं सगळं पसरलेलं ज्ञान एका चौकटीत बसवणारा मोशे कोर्दोवेरो राहायचे. १५७७ साली तिथं छापखानाही निघाला. छापखाना म्हटलं की माझे कान टवकारतात, म्हणून लगेच पाहिलं, तर गोव्याचा १५५६चा. एकवीस वर्षं आपण पुढं.

या गावात १५७० साली इस्साक लुरिया आला. जन्म १५३४चा, यरुशलेममधला. वडील लवकर गेले, तो इजिप्तमध्ये मामाकडं वाढला. व्यापार करायचा, त्याच्या व्यवहारांचे कागद कैरोच्या जुन्या सिनगॉगमध्ये, ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, सापडले आहेत, त्यात मिरीची उलाढाल आहे. ही मिरी बहुतेक आपल्या मलबारची असणार. एकीकडं मिरीचा हिशेब आणि दुसरीकडं नाईलमधल्या एका बेटावर एकांतात ‘जोहर’ या कब्बालेच्या मुख्य ग्रंथाचं वाचन. त्सफातला आल्यावर तो जेमतेम दोन वर्षं जगला. १५७२च्या साथीत गेला, तेव्हा अडतीस वर्षांचा होता. स्वतः फारसं काही लिहिलं नाही. का लिहीत नाही असं विचारलं तर म्हणायचा, तोंड उघडलं की समुद्राचा बांध फुटल्यासारखं होतं, ते सगळं एका अरुंद नळीतून तुमच्यापर्यंत कसं पोचवू? जे आज आपल्याला मिळतं ते शिष्यांनी, मुख्यतः हायीम व्हितालनं लिहून ठेवलेलं. व्हिताल वह्यांना कुणाला हात लावू द्यायचा नाही. तो आजारी पडल्यावर त्याच्या भावाला पैसे चारून लोकांनी वह्या बाहेर काढल्या आणि लेखनिकांची फौज बसवून तीन दिवसांत नकला करून घेतल्या, अशी कथा सांगतात. तीन दिवसांत केलेल्या नकलांमध्ये किती चुका असतील, या विचारानं मला अजून धडधडतं.

तर लुरियाचं सांगणं असं. सुरुवातीला फक्त तो होता, ऐन सोफ, अंत नसलेला. तोच सगळीकडं भरून राहिलेला, मग जग ठेवायचं कुठं? म्हणून त्याची पहिली कृती निर्माण करण्याची नव्हती, आत सरकण्याची होती. त्यानं स्वतःला आक्रसून घेतलं आणि एक रिकामी जागा मोकळी केली. याला त्सिमत्सूम म्हणतात.

प्रकरणात या शब्दावर तत्त्वज्ञानाची दोन पानं होती. मला त्यातलं निम्मं कळलं नाही. पण माझ्या टेबलावर त्या वेळी दुसऱ्या एका गृहस्थांच्या कवितांची प्रुफं पडली होती. कागद वाचवायला त्यांनी मजकूर कडेपासून कडेपर्यंत काढून आणला होता, वर-खाली-डावीउजवीकडं बोटभरही जागा नाही. ती पानं मी परत पाठवली होती. समास नसलेलं पान वाचता येतं, दुरुस्त करता येत नाही. चूक दिसली तरी लिहायचं कुठं? आणि मला एकदम लुरियाची ती रिकामी जागा कळली. देवानं समास सोडला होता. माणसाला उभं राहायला जागा झाली ती त्या समासात.

हे सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, “बाई, याला शास्त्राधार नाही, पण छापू नका म्हणजे झालं.” आता छापते आहे.

त्या मोकळ्या जागेत मग प्रकाशाची एक रेघ आली. तो प्रकाश धरायला पात्रं होती. दहा सेफिरोत, म्हणजे देवत्व प्रकट होण्याच्या दहा पायऱ्या, त्यांची ही पात्रं. वरच्या तिघांनी प्रकाश पेलला. खालच्यांना झेपला नाही. ती फुटली, अगदी शेवटचं तडकलं. बराचसा प्रकाश जिथून आला तिथं परत गेला, पण २८८ ठिणग्या फुटक्या खापऱ्यांना चिकटून खाली पडल्या आणि जगभर विखुरल्या. त्या खापऱ्यांना, टरफलांना क्लिपोत म्हणतात. दुष्टपणा, दुःख, जे काही वाईट आहे ते या टरफलांचं. टरफलाला स्वतःचा जीव नसतो. आत अडकलेल्या ठिणगीवर ते जगतं. ठिणगी सोडवून वर पाठवली की टरफल आपोआप गळून जातं. ठिणग्या सोडवायच्या कुणी, तर माणसानं. देवदूत ज्याच्या त्याच्या जागी नेमलेले, ते हलत नाहीत. वर-खाली होऊ शकणारा प्राणी एकच.

यातली मला सर्वांत विलक्षण वाटते ती क्रमवारी. माणूस यायच्या आधीच जग फुटलेलं होतं. पहिलीच प्रत सदोष निघाली, आणि ती सदोष आहे म्हणून माणसाला बोलावलं. लुरिया पुढं आदामचीही कथा सांगतो. दुरुस्ती जवळजवळ पुरी होत आली होती, आदामनं पहिला शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा सातवा दिवस, उजाडेपर्यंत दम धरला असता तर काम संपलंच असतं. त्यानं घाई केली आणि वर आलेलंही पुन्हा खाली पडलं. पहिल्याच मुद्रितशोधकानं घाण करून ठेवली, असं मी समासात पेन्सिलीनं लिहिलं आणि मग खोडलं. आदामच्या आत्म्यातच सगळ्या माणसांचे आत्मे होते म्हणे, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला त्याच्या त्याच्या ठिणग्या येतात. दुसऱ्याच्या ठिणग्या आपल्याला उचलता येत नाहीत. जन्म अपुरा पडला तर माणूस परत येतो. पुनर्जन्म आपल्याकडं नवा नाही, पण इथं तो राहिलेल्या कामासाठी आहे. एवढीशी एखादी गोष्ट राहून गेलेली असते, तेवढ्यासाठी अख्खा जन्म.

कब्बालेत अक्षरांचं प्रेम मुळापासूनच आहे. ‘जोहर’ तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पेनमध्ये बाहेर आला, अरामी भाषेत. मोशे द लेओन नावाचे गृहस्थ त्याच्या नकला देत. सांगायचे की हा दुसऱ्या शतकातल्या शिमोन बार योखाईचा ग्रंथ. ते वारल्यावर त्यांच्या बायकोनं सांगितलं म्हणे, यांनी हे सगळं स्वतःच्याच डोक्यातून लिहिलं. माझ्या नावानं कोण विकत घेईल, असं म्हणायचे. अभ्यासकही आज ग्रंथाचा बराच भाग त्यांच्याच खात्यावर मांडतात. दुसऱ्याचं लिखाण स्वतःच्या नावावर खपवणारे मी पुष्कळ पाहिले. स्वतःचं दुसऱ्याच्या नावावर खपवणाऱ्यांची जात वेगळी. ‘तुका म्हणे’ जोडून स्वतःचे अभंग सोडून देणारे आपल्याकडंही झालेच की.

या जोहरच्या सुरुवातीला एक गोष्ट आहे. जग निर्माण व्हायच्या आधी बावीस अक्षरं देवापुढं एकेक करून येतात, शेवटच्या अक्षरापासून उलट्या क्रमानं, आणि प्रत्येक जण म्हणतं, माझ्यापासून जग सुरू कर. देव प्रत्येकाला काही ना काही कारण सांगून परत पाठवतो. ‘बेत’ला होकार मिळतो, कारण आशीर्वादाचा शब्द बेतनं सुरू होतो. म्हणून तोरा, ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, बेतपासून सुरू होते. ‘आलेफ’ मात्र पुढं येतच नाही. दाराशी उभं. देव विचारतो, तू का येत नाहीस? तर म्हणतं, तुम्ही बेतला दिलंत, आता राजा दिलेलं दान परत कसं घेईल? आलेफला स्वतःचा आवाज नाही, निव्वळ तोंड उघडण्याआधीचा श्वास. त्याला देव सांगतो की सगळ्या अक्षरांच्या पुढं तूच राहशील. बालवाडीतल्या मुलांनाही सांगावी अशी ही गोष्ट आहे.

आणखी एक गोष्ट कब्बालेच्याही आधीची, तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या जुन्या ग्रंथातली. रब्बी मेईर पोटासाठी लेखनिकाचं काम करायचे. रब्बी इश्माएल त्यांना म्हणाले, बाळ, कामात जप, तुझं काम स्वर्गाचं आहे. एक अक्षर गाळलंस किंवा एक जास्त घातलंस, तर सगळं जग उद्ध्वस्त करशील. पुढचे टीकाकार उदाहरण देतात ते ‘एमेत’ या शब्दाचं. एमेत म्हणजे सत्य. त्यातला मुका आलेफ गळला की उरतं ‘मेत’. मेत म्हणजे मेलेला.

हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. कारण त्याच्या दोनच वर्षं आधी माझ्या हातून एक अनुस्वार गळला होता.

एका काकांनी आपल्या आठवणी लिहून स्वखर्चानं छापून घेतल्या होत्या. पाचशे प्रती. नोकरी, बदल्या, गावचं घर, आणि एक प्रकरण काकूंच्या मोठ्या आजारपणाचं. मजकूर जुन्या फॉन्टमध्ये होता, तो युनिकोडमध्ये आणताना काही अनुस्वार उडाले. मी ते शोधून शोधून भरले. एक राहिला. पान ११२. काका रात्रभर दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेत, पहाटे कुणीतरी चहा आणून देतं, तो ते पितात, ‘पण मनातून तिची चिंता काही जाईना’. छापलं गेलं, ‘मनातून तिची चिता काही जाईना’.

निरर्थक चूक डोळ्याला टोचते. ‘पुस्कत’ असं दिसलं की झोपेतही हात जातो. ज्या चुकीतून दुसरा धड शब्द तयार होतो ती निसटते, कारण वाक्य वाचत असताना ती काहीतरी सांगत असते. अर्थाचा उसना उजेड तिच्यात असतो. पुढं क्लिपोतचं वर्णन वाचलं, ठिणगीवर जगणारं टरफल, तेव्हा मला पान ११२ आठवलं.

पुस्तक आल्यावर तिसऱ्या दिवशी काकांचा फोन. आवाज चढलेला नव्हता, हे जास्त वाईट. “अहो, ती अजून आहे,” एवढंच म्हणाले.

मी त्यांच्या घरी गेले. दिवाणाखाली पुस्तकांचे गठ्ठे, सुतळी अजून सोडलेली नाही. काका खुर्चीत गप्प. मी माफी मागितली, पान बदलून देण्याचा खर्च मी करते म्हटलं, आणि तो खर्च माझ्या तीन महिन्यांच्या कमाईएवढा होईल हे मनात मोजत होते. तेवढ्यात आतून काकू आल्या. पदराला हात पुसत त्यांनी पुस्तक घेतलं, पान काढलं, चष्मा नाकावर सरकवून वाचलं आणि हसायलाच लागल्या. “अगं, एका टिंबाचाच तर प्रश्न आहे. पेन आहे का काळं? दे इकडं. माझी चिता मीच विझवते.”

मग आम्ही दोघी जमिनीवर बसलो. मी गठ्ठा सोडायचा, पान ११२ काढून पुढं धरायचं, काकूंनी टिंब द्यायचं, काकांनी फुंकर घालून मिटवायचं. पहिली वीसएक टिंबं जरा जाड आली. मग काकूंचा हात बसला. ‘चि’च्या वेलांटीला न चिकटता वर नेमकं टिंब. मधे पोहे झाले, चहा झाला. शंभराव्या प्रतीला काका म्हणाले, “आता तू किमान शंभर वर्षं जगणार.” काकू म्हणाल्या, “मग पुढची तुम्ही द्या, मला नको एवढं.” दुपारी साडेतीनला संपलं तेव्हा ४८७ प्रती झाल्या होत्या. तेरा आधीच वाटल्या गेल्या होत्या. नातेवाईक, जुने साहेब, गावचं वाचनालय. काकांनी आठवून आठवून यादी केली, सहा नावं पक्की आठवली, बाकीची नाहीत.

त्यानंतर लुरिया वाचला म्हणून असेल, पण त्याच्या सगळ्या अवाढव्य मांडणीतलं मला खरं वाटतं ते छोटं छोटं. विश्व फुटलंय, ठिणग्या जगभर विखुरल्यात, आणि त्या उचलायच्या कशा? भाकर मोडण्याआधी दोन शब्द नीट, मन लावून म्हणायचे. मन लावण्याला तिथं कव्वाना म्हणतात. जेवणातही ठिणगी असते, ती खाणाऱ्याच्या मार्फत वर जाते. प्रार्थनेला उभं राहण्याआधी, मी शेजाऱ्यावर प्रेम करण्याची आज्ञा स्वतःवर घेतो, असं म्हणायचं. व्हितालनं लिहून ठेवलंय की त्याचा गुरू किडामुंगीही मारत नसे. आणि रोजंदारीवर आलेल्या माणसाची मजुरी त्याच दिवशी हातावर ठेवल्याशिवाय दुपारची प्रार्थना करत नसे. वेळ टळायला आली तरी आधी पैसे, मग देव. ज्या मुद्रितशोधकाचं बिल ‘पुढच्या आठवड्यात बघू’ असं म्हणत दिवाळी ओलांडतं, तिला हे वाचून गलबलून येतं, एवढंच सांगते.

कोर्दोवेरोचं एक छोटं पुस्तक आहे, देवाच्या गुणांची नक्कल माणसानं कशी करावी यावर. त्याची सुरुवातच अशी : माणूस पाप करायला हात उचलतो, त्या क्षणी तो हात हलवण्याची ताकद त्याला कोण देतं? देवच देतो. अपमान होत असतानाही देणं थांबवत नाही. तू निदान तेवढं सहन करायला शीक. मला हे फार अवघड वाटतं. काकूंना बहुधा वाटलं नसतं.

हे सगळं मी माझ्या सोयीनं वाचते, याचीही जाण आहे. लुरियाच्या मनातला ‘माणूस’ म्हणजे सहाशे तेरा आज्ञा पाळणारा ज्यू पुरुष. बाकीच्या जगाबद्दल, आणि बायकांबद्दलही, त्या ग्रंथांत जे लिहिलंय ते सगळं काही आवडण्यासारखं नाही. आज ‘तिक्कून ओलाम’, जगाची दुरुस्ती, हे शब्द समाजसेवेच्या अर्थानं सर्रास वापरतात. लुरियाला ते ओळखू आले नसते. या विचाराला एक धारही आहे. ठिणग्या चिखलातच पडल्या असतील तर उचलायला चिखलात उतरायला हवं ना? १६६५ साली सब्बताई त्स्वी नावाच्या माणसानं आपण मसीहा, म्हणजे ज्यू ज्याची वाट बघतात तो तारणहार, असल्याचं जाहीर केलं, युरोपपासून येमेनपर्यंत लोक त्याच्या मागं लागले, आणि पुढच्या वर्षी सुलतानापुढं त्यानं इस्लाम स्वीकारला. त्यावरही त्याचे काही अनुयायी म्हणाले, शेवटच्या ठिणग्या सोडवायला तो टरफलाच्या आत शिरलाय. पाप हीच दुरुस्ती, असं मानणारे पंथ त्यातून निघाले. चूक मुद्दाम ठेवून तिला शैली म्हणणारे लेखक मला भेटतात, तेव्हा मला सब्बताई आठवतो. मनगटावर लाल दोरा बांधून घेणाऱ्या नटनट्यांची कब्बाला हा निराळा विषय, आणि त्यात मला रस नाही.

हिशेबाचाही एक घोटाळा आहे, पण गोड आहे. तोरेत सहा लाख अक्षरं आहेत आणि इस्राएलचे मूळ आत्मेही सहा लाख. प्रत्येक आत्म्याचं एक अक्षर, असं कब्बालावाले सांगतात. प्रत्यक्षात मोजलं तर अक्षरं भरतात ३,०४,८०५. निम्मीच. यावर त्यांच्याकडं स्पष्टीकरणं आहेत : कुणी अक्षरांच्या आतली अक्षरं मोजतं, कुणी मधल्या कोऱ्या जागा. कोऱ्या जागा मोजणारे मला जवळचे वाटतात. एक जुना पंथ तर म्हणायचा की आपल्या युगाच्या तोरेत एक अक्षर कमीच आहे, आणि जगातले सगळे दोष त्या न दिसणाऱ्या अक्षरामुळं आहेत.

लिहिता लिहिता एकनाथ आठवले. पैठण आणि त्सफात यांचा काही संबंध नाही, उगाच जोडायचाही नाही. पण लुरियाला जाऊन बारा वर्षं झाली होती, व्हिताल वह्या सांभाळत होता, त्याच सुमारास शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथ ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून पाठ शुद्ध करत बसले होते. आणि काम संपल्यावर बजावून ठेवलं की यात कुणी आपली ओवी घुसडली तर ती अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखी होईल. नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी. टरफलच.

पुण्याशी मात्र खरा संबंध निघाला, आणि तोही छापखान्याचाच. कॅम्पातल्या लाल देवळावरून मी शेकडो वेळा गेले असेन. ते डेव्हिड ससूननं बांधवलेलं सिनगॉग, १८६७चं. बगदादहून आलेल्या ज्यूंचं. कोकणातून आलेल्या, घरात मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएलांची वस्तीही पुण्यात होती. त्यांच्या वल्हांडणाच्या सणाचं पुस्तक, हिब्रू आणि सोबत मराठी भाषांतर, १८७४ साली पुण्यातच निघालं. त्यातल्या चित्रांत साड्या नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. आणि १८८७ साली पुण्यातल्याच अब्राहम डेव्हिड इझिकेल या बगदादी गृहस्थानं जोहरमधला ‘इद्रा झुता’ हा भाग हिब्रू लिपीतल्या अरबीत भाषांतर करून छापला. ते थिऑसॉफिस्ट, म्हणजे सगळ्या धर्मांतलं गूढज्ञान एकत्र अभ्यासणाऱ्यांपैकी होते. चाळिशीच्या आत उघडू नये म्हणतात ते गूढ असं चारचौघांत वाटल्याबद्दल बगदादच्या धर्मगुरूंनी डोळे वटारले.

मला त्या छापखान्यातला माणूस दिसत राहतो. एकेक हिब्रू खिळा उचलून उजवीकडून डावीकडं ओळ भरणारा, उलटं अक्षर वाचणारा. त्याचं प्रूफ कुणी वाचलं असेल? ‘इद्रा झुता’त शिमोन बार योखाईच्या शेवटच्या दिवसाची हकिकत आहे. ते बोलतायत, रब्बी अब्बा लिहून घेतायत. बोलत बोलत ते एका स्तोत्रातल्या ‘जीवन’ या शब्दाशी येतात आणि आवाज थांबतो. अब्बा सांगतो : मी लिहीत होतो, अजून लिहायचं आहे असं मला वाटलं, पण काही ऐकू आलं नाही. मान वर केली नाही, कारण प्रकाश फार होता, बघवत नव्हतं.

मान खाली, हातात लेखणी, पुढच्या शब्दाची वाट बघणं. ही बसण्याची रीत मला माहीत आहे.

काकू त्या दिवसानंतर बारा वर्षांनी गेल्या. काका त्यांच्या आधीच गेले होते. तेरा प्रतींचं मी कुणाला बोलत नाही, पण रद्दीच्या दुकानात, जुन्या पुस्तकांच्या ढिगाशी, कुणाच्या घरी कपाटासमोर, तो पिवळसर कणा दिसतोय का हे डोळे आपोआप बघतात. पर्समध्ये काळं पेन असतंच. दोन प्रती मला अशा मिळाल्या, दोन्हींवर टिंब दिलं. एकदा गावच्या वाचनालयात जाऊन तिथलीही उरकली; ग्रंथपालांनी विचारलं, काय करताय, म्हटलं, दुरुस्ती.

मागच्या पावसाळ्यात लक्ष्मी रोडच्या मागं एका हातगाडीवर, निळ्या ताडपत्रीखाली, आणखी एक प्रत निघाली. भिजून फुगलेली, मुखपृष्ठ अर्धं गेलेलं, अर्पणपत्रिकेवर कुणाचं तरी खोडलेलं नाव. गाडीवाला म्हणाला, “वीस रुपये द्या ताई.” मी छत्री खांद्यात धरून पान ११२ काढलं आणि पेनाचं टोपण उघडलं.

टिंब होतं. निळ्या शाईचं, जरा तिरपं, ‘चि’पेक्षा ‘ता’च्या जवळ पडलेलं.